ध्वनीच्या चाळण्या

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण घरोघर चालते आणि भातापुरती ती खरीही आहे. पातेल्यांतील सगळीं शितें एकाच तांदळाचीं, एकाच आंचेवर शिजलेलीं. त्यांतील एक बोटांनीं दाबून पाहिलें म्हणजे काम भागतें. परंतु पातेल्यांत खिचडी असेल तर? तांदळाचें शीत मऊ लागलें, एवढ्यावरून डाळही शिजली असा निर्वाळा कोणतीही गृहिणी देणार नाहीं. ज्याला सामान्यतः गोंगाट म्हणतात, ती अशीच एक खिचडी आहे. तिच्यांत घरघर असते, भणभण असते, किंचाळणें असतें, खडखडाट असतो. आणि ध्वनिमापक यंत्र मात्र या साऱ्यांचा मिळून एकच आंकडा सांगतें.

हा एकच आंकडा माणसाला कसा अडचणींत आणतो, याचें एक उदाहरण कल्पून पाहतां येईल. समजा, शहरांतील एका इमारतीच्या तळमजल्यावर पाणी वर चढविणारा पंप आहे आणि त्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर एका वृद्ध गृहस्थांची निजण्याची खोली आहे. रात्रीं पंप सुरू झाला कीं त्यांची झोप उडते. ते म्हणतात, "आवाज मोठा नाहीं हो, पण तो उशींतून येतो आणि छातींत बसतो." तक्रार होते. कोणी जाणता माणूस ध्वनिमापक घेऊन येतो, खोलीच्या मध्यभागीं उभा राहून मोजतो, आणि आंकडा येतो ३९ डेसिबल. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी वस्तीसाठीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती वस्तींतील मोकळ्या हवेची आहे, बंद खोलीची नव्हे, हा भेद त्या घाईंत कोणी पाहत नाहीं. एकोणचाळीस हे पंचेचाळिसांहून कमी, म्हणून तक्रार निकालांत निघते. यंत्र खोटें बोललेलें नसतें आणि गृहस्थही खोटें बोललेले नसतात. मग चुकतें कोठें?

तें समजण्यासाठीं सप्तकापासून आरंभ केला पाहिजे. ज्या घरांत पेटी आहे, तेथील मुलांनाही हें ठाऊक असतें कीं, मध्य सप्तकांतील षड्ज आणि तार सप्तकांतील षड्ज हे एकमेकांत मिसळून जातात. याचें कारण असें कीं, वरच्या षड्जाचीं कंपनें खालच्याच्या नेमकीं दुप्पट असतात. पाश्चात्य लोक वरचा सा धरून आठ स्वर मोजतात व या अंतराला ऑक्टेव्ह म्हणतात. इकडे तो सोडून सात मोजतात व सप्तक म्हणतात. भेद मोजणीचा आहे, अंतर एकच. पेटीला साधारणपणें तीन ते साडेतीन सप्तकें असतात. माणसाचा कान मात्र तरुणपणीं सेकंदाला सुमारें २० कंपनांपासून सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. वीस, चाळीस, ऐशीं असें दुप्पट करीत गेल्यास दहा पायऱ्यांत वीस हजार गांठले जातात. म्हणजे कान ही दहा सप्तकांची पेटी झाली. सेकंदाला एक कंपन यास एक हर्ट्झ म्हणतात.

परंतु या दहा सप्तकांकडे कान समदृष्टीनें पाहत नाहीं. मधल्या व वरच्या मधल्या सप्तकांविषयीं तो अतिशय तिखट असतो, आणि खालच्या सप्तकांत तो बराचसा मंद असतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या दोघांनीं १९३३ मध्यें हें कानाचें वर्तन वक्ररेषांनीं मांडून दाखविलें. पुढें ध्वनिमापकांत कानाची ही आवडनिवड बसविण्यांत आली. तिला ए-भार म्हणतात. ए-भार लावला असतां १००० हर्ट्झचा आवाज जसाच्या तसा मोजला जातो; १२५ हर्ट्झला १६ डेसिबल वजा होतात, ६३ हर्ट्झला २६, आणि ३१.५ हर्ट्झला तर ३९ हून थोडे अधिक. सर्व नियमांतील आंकडे बहुधा याच भारानें मोजलेले असतात. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. परंतु हा भार मंद आवाजाच्या वक्ररेषेवरून बेतलेला आहे. आवाज मोठा झाला कीं खालच्या सप्तकांतील कानाचा मंदपणा कमी होतो, आणि वजाबाकी मात्र तेवढीच राहते.

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत ज्यांच्या खिडकीखालून ध्वनिवर्धकांची भिंत गेली असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको. तावदानें थरथरतात, फळीवरील भांडीं वाजतात, पोटांत धक्के बसतात. त्या दणक्याचा ६३ हर्ट्झच्या भागांतील जोर १०० डेसिबल असला, तर ए-भाराच्या हिशेबांत तो केवळ ७४ धरला जातो. ज्याला तो दणका सोसावा लागतो, त्याला हा हिशेब अन्यायाचा वाटला तर त्यांत नवल नाहीं.

यावर उपाय म्हणजे खिचडी निवडणें. गहूं दळून आणले म्हणजे घरांत एकामागून एक चाळण्या निघतात. कोंड्याची निराळी, रव्याची निराळी, मैद्याची निराळी. ध्वनीलाही तशाच चाळण्या लावतां येतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्याही मागील शतकांत पोकळ गोळे तयार केले होते. गोळ्याचें एक टोंक कानाला लावावयाचें. ज्या स्वरासाठीं तो गोळा घडविला, तोच स्वर त्यांतून घुमून ऐकूं येतो, बाकीचे दबतात. १८६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत या गोळ्यांचें वर्णन आहे. विजेच्या युगांत गोळ्यांची जागा विद्युन्मंडलांनीं घेतली. मायक्रोफोननें ध्वनीचें विजेंत रूपांतर केलें कीं ती वीज अशा एका मंडलांतून नेतात कीं, एका सप्तकाएवढा पट्टा तेवढा पलीकडे जावा. या मंडलांच्या संचालाच सप्तकपट्ट्यांचा गाळणी-संच म्हणतात.

प्रत्येक पट्टा त्याच्या मधल्या कंपनसंख्येनें ओळखला जातो: ३१.५, ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० आणि १६०००. हजाराचा पट्टा सुमारें ७०७ पासून १४१४ पर्यंत असतो. बाकीचे त्याच प्रमाणांत. डेन्मार्कमधील ब्रुएल अँड केअर या कारखान्यानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत १६१३ क्रमांकाचा एक संच काढला होता. त्यांत अकरा गाळण्या असून तो ध्वनिमापकाच्या तळाशीं जोडीत आणि बटण फिरवून एकेक पट्टा निवडीत. आजच्या अंकीय ध्वनिमापकांत गाळण्या पोटांतच असतात व सर्व पट्टे एकदमच पडद्यावर उभे राहतात. तथापि ज्याला हें काम शिकावयाचें आहे, त्यानें जुन्या संचावर एकदां तरी हात बसवावा. एकेक पट्टा हातानें फिरविल्याशिवाय कोणती चूक कोठें शिरते, हें कळत नाहीं.

मापनास आरंभ करण्यापूर्वीं यंत्राची परीक्षा करावयाची. बॅटरी पाहावी. मग कॅलिब्रेटर नांवाचें लहानसें साधन मायक्रोफोनवर टोपीसारखें बसवावें. तें बहुधा १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा एक स्थिर सूर देतें. कांटा ९४ वर नसेल तर स्क्रूनें तेथें आणावा. याच सुरावर गाळणीचीही परीक्षा होऊन जाते. हजाराच्या पट्ट्यावर बटण ठेवलें असतां ९४ च दिसले पाहिजेत, आणि पाचशेंवर किंवा दोन हजारांवर नेतांच कांटा झपाट्यानें कोसळला पाहिजे. तो कोसळत नसेल, तर चाळण फाटलेली आहे असें समजावें. घाईच्या माणसाला हीं दोन मिनिटें व्यर्थ वाटतात. आणि दिवसभराचें काम व्यर्थ जाण्यास हींच दोन मिनिटें पुरतात.

यंत्र तिवईवर ठेवावें व मोजणाऱ्यानें मागें सरून उभें राहावें. माणसाचें अंगही ध्वनि परतवितें. यंत्र छातीशीं धरल्यास कांहीं पट्ट्यांचे आंकडे कित्येक डेसिबलनीं बदलतात. मोकळ्यावर असतां मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा चढवावा, नाहीं तर वारा खालच्या पट्ट्यांत घरघर करतो आणि ती पंपाच्या नांवावर मांडली जाते. खोलींत खालच्या सप्तकांचा जोर जागोजाग निरनिराळा असतो. कोपऱ्यांत तो वाढतो, मध्यभागीं पुष्कळदां घटतो. यासाठीं तीनचार ठिकाणीं मोजावें, आणि झोपेची तक्रार असेल तर उशीच्या जागीं अवश्य मोजावें. त्या जाणत्या माणसानें खोलीच्या मध्यभागीं उभें राहून मोजलें, हें येथें आठवावें.

यानंतर ए-भार काढून टाकावयाचा. गाळणी लावून शिवाय ए-भारही तसाच राहूं दिला, तर ६३ च्या पट्ट्यांतून २६ डेसिबल यंत्र वजा करतें आणि पुढें हिशेब करतांना कागदावर माणूस तेच पुन्हां वजा करतो. दोन वेळां कापलेल्या आंकड्याला मग कोणताच अर्थ उरत नाहीं.

यापुढची गोष्ट मात्र अधिक विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण चांगले शिकलेले लोकही येथें फसतात. जुन्या ध्वनिमापकाला पल्ला बदलण्याचीं दोन बटणें असतात. एक गाळणीच्या अलीकडे, दुसरें पलीकडे. ध्वनि प्रथम पहिल्या वर्धकांत शिरतो, मग गाळणींतून जातो, मग दुसऱ्या वर्धकांतून कांट्यापर्यंत पोहोंचतो. आतां असें पाहा. वाड्यांत लग्नाची गर्दी लोटली आहे. दिंडी दरवाजांतून सारे आंत येतात आणि आंत निरनिराळ्या दालनांत निरनिराळ्या गांवचे पाहुणे बसतात. एका लहान दालनांत चारच माणसें आहेत, म्हणून दरवाजावर अधिक लोटालोटी केल्यानें तीं वाढणार नाहींत. दरवाजांत चेंगराचेंगरी मात्र होईल. ४००० च्या पट्ट्यांत आवाज क्षीण आहे, कांटा हलत नाहीं, म्हणून मोजणारा पहिलें बटण फिरवून वर्धकाची शक्ति वाढवितो. परंतु त्या वर्धकांतून अजून ६३ चा सारा दणका जातच असतो! तो वर्धकाला पेलत नाहीं. लहरींचे माथे छाटले जातात, आणि छाटलेल्या लहरींतून मूळ आवाजांत नसलेले उंच स्वर निर्माण होतात. गाळणी ते इमानेंइतबारें मोजते. कागदावर सुबक आंकडा येतो आणि तो सर्वस्वीं काल्पनिक असतो.

म्हणून नियम असा कीं, गाळणी न लावतां सबंध आवाजावर पहिलें बटण ठरवावें आणि मग मापन संपेपर्यंत त्याला हात लावूं नये. क्षीण पट्ट्यांसाठीं दुसरें बटण आहे; तें हवें तितकें फिरवावें.

गाळणी लावल्यावर खालच्या पट्ट्यांत कांटा झुलूं लागतो. ६३ चा पट्टा जेमतेम ४४ हर्ट्झ रुंद, तर ४००० चा सुमारें २८०० हर्ट्झ रुंद; अरुंद दारांतून येणारी गर्दी कधीं दाट, कधीं विरळ असावयाचीच. येथें यंत्राची संथ गति घ्यावी, कांटा अर्धा मिनिट तरी पाहावा व सरासरी लिहावी. सोयीचा क्षण पाहून आंकडा टिपणें ही चोरीच होय, मग ती तक्रारदाराच्या बाजूनें असो वा कारखानदाराच्या.

शेवटीं पंप बंद करून सर्व पट्टे पुन्हां मोजावयाचे. चालू आणि बंद यांत १० डेसिबल वा अधिक अंतर असेल, तर दुरुस्ती नको. सहा ते नऊ असेल तर एक वजा करावा, चार-पांच असेल तर दोन, तीन असेल तर तीन. त्याहूनही कमी असेल तर त्या पट्ट्यांतील आवाज पंपाचा म्हणतां येत नाहीं; तो रस्त्याचा असेल, पंख्याचा असेल. आणि हें पट्ट्यापट्ट्याला स्वतंत्रपणें पाहावयाचें असतें.

पट्टा कळण्याचें महत्त्व केवळ झोपेपुरतें नाहीं. रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें १७१३ मध्यें व्हेनिसच्या तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्या कारागिरांच्या बहिरेपणाविषयीं लिहून ठेवलें आहे; पुण्याच्या तांबट आळींतून जो गेला असेल, त्याला तें वाचतांना ठोके ऐकूं आल्यावांचून राहणार नाहींत. ग्लासगोच्या थॉमस बार या वैद्यानें १८८६ मध्यें बॉयलर घडविणाऱ्या शंभर कामगारांचे कान घड्याळाच्या टिकटिकीनें तपासले होते. गोंगाटानें येणारें बहिरेपण बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधीं उतरतें. बोलण्यांतील स्वर खालच्या पट्ट्यांत असतात. स, श, फ यांसारखीं व्यंजनें वरच्या. त्यामुळें मागाच्या खात्यांत वर्षानुवर्षें राबलेल्या माणसाला घरीं कोणी हांक मारली एवढें कळतें, पण काय म्हटलें तें कळत नाहीं. घरचे म्हणतात, यांचें लक्ष नसतें. कारखान्यांच्या कायद्यांत आज हा विकार कळवावयाच्या रोगांच्या यादींत आहे. अशा खात्यांत २००० आणि ४००० चे पट्टे काय सांगतात, यावरून कानाला कोणतें आच्छादन द्यावें आणि यंत्राला कोठें आवरण घालावें, हें ठरतें. उंच स्वर भिंतीनें अडतात, सच्छिद्र अस्तरांत जिरतात. खालचे स्वर मात्र पातळ अस्तराला दाद देत नाहींत.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या खोलींत परत यावें. उशीजवळ भाराशिवाय घेतलेला सबंध आंकडा सुमारें ५९.५ येतो, आणि ए-भाराचा तोच ३९. दोहोंत वीसांहून अधिक अंतर दिसलें, कीं आवाजाचा मुक्काम तळाच्या सप्तकांत आहे हें ओळखावें. मग पट्टे: ३१.५ मध्यें ५०, ६३ मध्यें ५८, १२५ मध्यें ५२, २५० मध्यें ४०, ५०० मध्यें ३३, हजारांत २७, दोन हजारांत २२, चार हजारांत १८. बेरीज जुळते कीं नाहीं तेंही पाहावें. डेसिबलची बेरीज साधी नसते. सारखे दोन मिळाले तर तीनच वाढतात, सहाचा फरक असेल तर मोठ्यांत एक मिळवावयाचा. ५८ आणि ५२ मिळून ५९, त्यांत ५० मिळून ५९.५. जुळलें. पंप बंद केल्यावर ६३ मध्यें ४० उरतात, पण ५०० मध्यें ३२. म्हणजे ५०० व त्यावरील पट्टे पंपाचे नव्हेतच. ३१.५ मधील ५० कानाला बहुधा ऐकूंही येत नाहींत. अपराधी ६३ आणि १२५.

येथें पट्टे जणूं पंपाचें नांवगांव सांगतात. मिनिटाला सुमारें २९०० फेरे घेणारी मोटर सेकंदाला ४८ च्या आसपास फिरते. तो ठेका ६३ च्या पट्ट्यांत पडतो. घरांतील वीज ५० आवर्तनांची, आणि तिच्यामुळें मोटरच्या लोखंडाची गुणगुण १०० हर्ट्झची. ती १२५ च्या पट्ट्यांत. हा आवाज हवेंतून कमी आणि जोत्यांतून, नळांतून, भिंतींतून अधिक चढतो. उशींतून येतो, हें त्या गृहस्थांचें म्हणणें शब्दशः खरें होतें. अशा वेळीं खोलीच्या भिंतींना थर्मोकोल किंवा अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादीं लागून पैसे घालविण्यापेक्षां पंपाखालीं योग्य स्प्रिंगा किंवा रबरी बैठक घालावी, नळाला लवचीक सांधा द्यावा आणि नळ भिंतीला जेथें आवळला आहे तेथें रबर बसवावें.

तसें केल्यावर पुन्हां रात्रीं, त्याच उशीजवळ, त्याच क्रमानें मोजावयाचें. ६३ मध्यें ५८ चे ४४ झाले, १२५ मध्यें ५२ चे ४१, २५० मध्यें ४० चे ३६, आणि तळाच्या ३१.५ मध्यें ५० चे ४५, असें धरल्यास ए-भाराचा आंकडा ३९ वरून ३४ वर येतो, पांचच डेसिबल उतरतो. भाराशिवायचा मात्र ५९.५ वरून ४९ वर. पांचशेंचे ३३ तसेच राहतात, कारण ते रस्त्याचे. मग कॅलिब्रेटर पुन्हां मायक्रोफोनवर बसवावयाचा. कांटा ९४ वर आला, तर कागदावर तारीख, वेळ, जागा आणि यंत्राचा क्रमांक लिहून सही करावयाची; नाहीं आला, तर उद्यां रात्रीं पुन्हां सारें पहिल्यापासून.